लोहनिर्मितीतील कर्ब आणि पैनगंगा-वर्धेचे खोरे

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे पूर्वेस घुग्घूसच्या परिसरात वर्धेस मिळते. हिंगोलीची भूमी काळ्या पाषाणाची. त्या पाषाणात लोहाचा अंश असला तरी तो भट्टीत घालण्याजोगा नव्हे. येथील लोहारास लोखंड बाहेरूनच आणावे लागे. जुन्या चांदा जिल्ह्याची स्थिती निराळी होती. तेथे उत्तम लोहखनिज होते, अरण्य होते आणि दगडी कोळसाही होता. तरीही भारतातील पहिला मोठा पोलाद कारखाना तेथे झाला नाही. याचे कारण प्रथमतः इंधनात शोधावे लागते.

लोहखनिज म्हणजे लोह व प्राणवायू यांचा संयोग. तो प्राणवायू काढून घेणारे द्रव्य आजवर बहुतांशी कर्ब हेच राहिले. कर्बासह तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे भट्टीचा धूर हा केवळ जळणाचा नव्हे, तो प्रक्रियेचाच भाग होय. चांद्याच्या जुन्या भट्ट्यांत हे काम लोणारी कोळसा करी. झाड पुन्हा वाढले तर तो कर्ब हवेतून परत झाडात येई. परंतु एवढ्यावरून त्या धंद्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण थोड्या लोखंडासाठी पुष्कळ लाकूड जाळावे लागे. विलायती लोखंडाची आयात आणि राखीव जंगलांचे निर्बंध यांनी १९व्या शतकात तो मोडकळीस आला.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांद्याच्या खनिजांविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्कृष्ट आणि वरोऱ्याची कोळसा खाण जवळ, असा योग होता. परंतु झोतभट्टीत कोळसा नव्हे, कोक लागतो. वर रचलेल्या खनिजाचा भार सोसून वायूस वाट देईल असा तो कठीण व सच्छिद्र असावा लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचा असा कोक होईना. पुढील शोधात लोहाऱ्याचा साठाही तोकडा ठरला, हे नमूद केले पाहिजे. नागपूरच्या संग्रहालयातील एका नकाशावरून दोराबजींचे लक्ष दुर्ग जिल्ह्याकडे वळले. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजची माहिती कळविली. आणि साकचीस १९१२ मध्ये पोलाद तयार झाले.

कोक न होणाऱ्या कोळशाचा दोष पुढे स्पंज लोखंडाच्या फिरत्या भट्टीने दूर केला. खनिज न वितळविताच त्यातील प्राणवायू काढणाऱ्या या भट्टीस साधा दगडी कोळसा चालतो. घुग्घूस येथे असा कारखाना आहे. अडचण सुटली ती अशी, की कर्ब मात्र कायम राहिला. भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी २ टनांच्या आत आहे. कोळशावरील स्पंज लोखंडाचे प्राबल्य हे या तफावतीचे एक प्रमुख कारण होय. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने हरित पोलादाची व्याख्या केली, तीत २.२ टनांहून कमी उत्सर्जन ही मर्यादा ठेवली.

स्वीडनमध्ये २०२१ साली हायड्रोजनने खनिजाचा प्राणवायू काढून स्पंज लोखंड तयार केले गेले. तेथे धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. चांद्याकडे पाहता प्रश्न पुन्हा जुन्याच जागी येतो. गडचिरोलीत सुरजागडचे खनिज मुबलक आहे. त्याच्या वाट्यास येणारा हायड्रोजन कोणत्या विजेवर व कोणत्या नदीच्या पाण्यापासून निर्माण व्हावयाचा, हे ठरणे बाकी आहे.