ईसीजीवर ‘नॉन-स्पेसिफिक’ छापून आलंय? आधी जुनी पट्टी शोधा

पेण/रोहा : धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांची वार्षिक तपासणी असो की पेणमध्ये ऑपरेशनआधीचा फिटनेस, ईसीजीवर ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ किंवा ‘बॉर्डरलाइन’ असं छापून आलं की घरात काळजी सुरू होते. हा आजाराचा शिक्का नाही. रेघेत फरक आहे, पण तो कशामुळे हे एकट्या पट्टीवरून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बऱ्याचदा हे शब्द डॉक्टरांचे नसतातच, मशीन ते आपोआप छापतं. सोबत ‘अनकन्फर्म्ड’ असेल तर डॉक्टरांची तपासणी बाकी आहे, असं समजावं.

जुन्या ब्लडप्रेशरमुळे हृदयाची भिंत जाड होणं, रक्तातलं पोटॅशियम कमी होणं, काही औषधं, तसंच हृदयाला रक्त कमी पडणं, यातल्या कशानेही असा फरक दिसू शकतो. घामामुळे छातीवरचा इलेक्ट्रोड नीट चिकटला नाही किंवा हात हलला तरी रेघ बिघडते. अशा वेळी घाम पुसून पुन्हा पट्टी काढायला सांगण्यात संकोच नको. ‘सायनस अरिदमिया’ म्हणजे श्वासाबरोबर ठोक्यांचा वेग कमी-जास्त होणं. तरुणांत ते नेहमीचंच.

डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो जुन्या ईसीजीचा. पाच वर्षांपूर्वीही तोच फरक असेल तर चिंता बरीच कमी होते. नवा असेल तर टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट किंवा रक्ततपासणी सांगतात. पण पट्टीचा कागद थर्मल असतो, अक्षरं नि रेघा हळूहळू पुसट होतात. त्यामुळे लगेच झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो ठेवावा. लॅमिनेशन मात्र करू नये, उष्णतेने कागद काळा पडतो.

छातीवर दाब, हात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणं असतील तर हिशेब वेगळा. मधुमेही आणि महिलांमध्ये कधी कधी नुसती मळमळ किंवा थकवाच जाणवतो, आणि ‘गॅस असेल’ म्हणून सोड्यावर रात्र काढली जाते. सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊनही झटका असू शकतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिन तपासतात. अशा वेळी स्वतः बाइक चालवत निघू नये. 108 ला फोन करावा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. पेण आणि रोह्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे पनवेल-नवी मुंबईला हलवायची वेळ आली, तर आधीच्या आणि आताच्या दोन्ही पट्ट्या पेशंटसोबत द्याव्यात.