रक्तातले दफ्तर: १९५२ चे झिकाचे कोडे

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, पत्रे आठवतात. असेच एक दफ्तर माणसाच्या रक्तातही असते. आजचा धागा त्यातल्या एका वादग्रस्त नोंदीविषयी.

२/ १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र (आजची एनआयव्ही) सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो संयुक्त उपक्रम. आरंभीचाच प्रश्न होता: कीटकांमार्फत पसरणारे कोणते विषाणू भारतात वावरतात?

३/ उत्तर रक्तात शोधले गेले. संसर्ग झाला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. ताप विस्मरणात जातो. प्रतिपिंडे अनेक वर्षे टिकतात.

४/ चाचणी अशी: रक्तातला पेशीविरहित द्रव, म्हणजे रक्तजल, ज्ञात विषाणूत मिसळायचे आणि ते मिश्रण उंदरांना टोचायचे. उंदीर वाचले, तर प्रतिपिंडांनी विषाणू निष्प्रभ केला असे मानायचे.

५/ के. सी. स्मिथबर्न आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांत त्याला रोखणारी प्रतिपिंडे आढळली. हा विषाणू प्रथम सापडला होता १९४७ साली, युगांडातील झिका जंगलात ठेवलेल्या एका माकडात!

६/ मग १९५२ पूर्वीच झिका भारतात होता का? इथेच मेख आहे. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि झिका हे एकाच कुळातले विषाणू. भावकीतले चेहरे सारखे असावेत, तशी त्यांची बाह्यरचना मिळतीजुळती. त्यामुळे डेंग्यूविरुद्ध घडलेले प्रतिपिंड झिकालाही अडवू शकते.

७/ म्हणूनच आज रक्तजल अनेक भाऊबंद विषाणूंसमोर तपासतात. अधिकाधिक पातळ केल्यावरही ते कोणाला रोखते, याची तुलना करतात. काही दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडे वाढली का, हेही पाहतात. तापाच्या पहिल्या दिवसांत तर थेट विषाणूची जनुकीय खूणच शोधतात.

८/ भारतातील झिकाचे प्रयोगशाळेत निश्चित झालेले पहिले तीन रुग्ण २०१७ साली जाहीर झाले, गुजरातेत. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला. निदान पुण्याच्या त्याच संस्थेने केले.

९/ तरीही या रुग्णांवरून त्या ३३ जणांविषयी निवाडा देता येत नाही. त्यांच्या रक्ताने कुळाची ओळख पटवली. नेमके नाव संशयातच राहिले. म्हणून ‘१९५२ पासून भारतात झिका’ असे कुठे ठामपणे लिहिलेले दिसले, तर एवढेच विचारा: भावकीतले बाकीचे वगळले होते का?