कारल्याचा वेल आणि साखरेची गोळी

मैत्रिणींनो, भोंडल्याच्या गाण्यातल्या सुनेलाही कारल्याचा वेल लावावा लागतो, इतका तो आपल्या परसातला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचे नाव ‘कारवेल्लक’.

मधुमेहावर इन्सुलिनचे इंजेक्शन माणसाला पहिल्यांदा दिले गेले ते १९२२ मध्ये, कॅनडात. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांची भिस्त पथ्यावर आणि झाडपाल्यावरच होती. १९८१ मध्ये जयपूरच्या संशोधकांनी कारल्यातून इन्सुलिनसारखे काम करणारे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पण २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ४ चाचण्यांतल्या ४७९ रुग्णांची माहिती पडताळली, तेव्हा कारल्याने साखर नक्की उतरते असा पुरेसा पुरावा मिळाला नाही.

मेटफॉर्मिनच्या गोळीचे मूळही एका युरोपीय वनस्पतीतच आहे. पण ती तपासून, मात्रा ठरवून दिली जाते. घरच्या रसाची मात्रा कोण मोजणार?

म्हणून आपण गटात एवढे ठरवू या: कारल्याची भाजी खुशाल खाऊ, पण रसाच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन कुणीच सोडायचे नाही. औषधासोबत रस घेतला तर साखर फार उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. गरोदर बाईने तर रस, भुकटी टाळावीच. बाकीच्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.