स्वच्छ निघाली पाहिजे

अंबरनाथच्या एका चिकटपट्टीच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली. सुरुवात रबराच्या मिलवर झाली. केरळातून आलेली, धुराचा वास असलेली तपकिरी शीटं दोन रुळांमध्ये मऊ होईपर्यंत मळायची, टोल्यूइनमध्ये विरघळवायची आणि त्यात राळ घालायची. नुसतं रबर स्वतःला घट्ट चिकटतं, पण काचेला नीट धरत नाही. राळ जास्त झाली, की पट्टी काढल्यावर मागे चिकटा राहतो. आमचे मिस्त्री नमुन्यावर अंगठा टेकवून उचलत आणि एवढंच विचारत, ‘‘स्वच्छ निघते का?’’

याच प्रश्नातून हा धंदा उभा राहिला. राळ-रबराचा वैद्यकीय प्लास्टर अमेरिकेत 1845 सालीच पेटंट झाला होता. पण 1920च्या दशकात तिथं दुरंगी मोटारींची फॅशन आली, तेव्हा रंगारी दुसरा रंग देताना पहिल्यावर वर्तमानपत्रं चिकटवत किंवा तोच प्लास्टर लावत. ओढून काढला की ताजा रंगही निघे. सेंट पॉलच्या थ्रीएम कंपनीचे रिचर्ड ड्र्यू पॉलिश पेपरचे नमुने घेऊन अशा गॅरेजांत जात. रंगाऱ्यांची चिडचिड त्यांनी मनावर घेतली आणि 1925 साली मास्किंग टेप तयार केली. या शोधात मी त्या रंगाऱ्यांचाही वाटा धरतो. त्या पट्टीवर मात्र रबर नव्हतं. क्रेप कागदावर ग्लिसरीन घातलेला सुतारी सरस होता.

रबर आलं ते सेलोफेनबरोबर. पारदर्शक पट्टीवर तपकिरी चिकटा कसा चालेल? ड्र्यू यांनी रबर, राळ आणि तेलं यांचं जवळजवळ बिनरंगी मिश्रण जमवलं. ते सेलोफेनवर सारखं बसेना, म्हणून आधी प्रायमरचा हात दिला. 8 सप्टेंबर 1930 रोजी पहिला रोल गिऱ्हाइकाकडे गेला. मंदीचे दिवस होते. लोकांनी त्या पट्टीनं फाटकी पुस्तकं, खेळणी, नोटासुद्धा जोडल्या.

पण रबर हवेनं म्हातारं होतं. पिवळं पडतं, कागदात मुरतं, मग पट्टी गळते आणि डाग उरतो. मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर तिथं ‘नाही’ असंच आहे. म्हणून आयुष्यभर हीच पट्टी बनवलेला माणूस तुम्हाला विनवतो: आजोबांच्या पोथीला, जुन्या सातबाऱ्याला सेलोटेप लावू नका. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ कागद वापरा.