दवाखान्याचं दुसरं दार



सातारा-सांगलीकडच्या आरोग्यसेवेचा इतिहास सांगायचा तर मिरजेपासून सुरुवात करावी लागते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय सुरू केलं. लांबलांबून माणसं यायची, त्यांत डोळ्यांचे रुग्णही असायचे. आता बघा, ज्याला दिसत नाही तो दारापर्यंत पोचायचा कसा? कुणाचा तरी हात धरून. तो हात सगळ्यांनी गृहीतच धरला होता. आजचा माझा मुद्दा एवढाच, की आपण तो अजूनही गृहीत धरतो.

कायद्यानं या प्रश्नात हात घातला तो १९९५ साली. रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रॅम्प असावेत, असं दिव्यांगांच्या त्या कायद्यात लिहिलं गेलं. पण सोबत एक शेपूट जोडलं : 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. म्हणजे जमलं तर करा!

योगायोग असा, की त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. जुन्या दाराच्या पायऱ्यांचा विचार नुकताच सुरू झाला होता, तोवर दुसरं दार उभं राहायला लागलं. त्याच्या पायऱ्या कुणाला दिसल्याच नाहीत. जगात वेबसाइटच्या सुगम्यतेचे पहिले मोठे निकष १९९९ साली आले. आपल्या सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली २००९ साली.

मराठीत तर आणखी एक पायरी होती, फॉन्टची. जुन्या फॉन्टमधलं अक्षर डोळ्यांना मराठी दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हं असायची. अंध माणसाचा स्क्रीन रीडर ती वाचायला गेला, की नुसती बडबड ऐकू यायची. युनिकोड आलं आणि ही अडचण सुटली. पण ओपीडीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून तोच वेबसाइटवर टाकला, तर आपण पुन्हा होतो तिथंच. आणि अपॉइंटमेंटसाठी नुसता फोन नंबर दिला, तर कर्णबधिर माणसानं काय करायचं?

२०१६ च्या नव्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि सेवा सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारीच नव्हे, खाजगी संस्थांवरही टाकली. तरी २०२१ मध्ये, ऐन कोरोनात, लसीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल अंध व्यक्तींना वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला दाखवून द्यावं लागलं. साधा कॅप्चा, पण तो ऐकायची सोय नव्हती. आपण त्याला तांत्रिक त्रुटी म्हणू. ज्याची लस चुकत होती, त्याच्या दृष्टीनं तो जिवाचा प्रश्न होता. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १९९५ च्या 'जमलं तर करा'पासून इथवर यायला तीस वर्षं लागली.

घरी गेलात की एक करा. तुमच्या नेहमीच्या रुग्णालयाची वेबसाइट उघडा. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर डॉक्टरांची वेळ घेऊन बघा. जिथं अडाल, तिथं पायरी आहे. ती कुठं आहे ते रुग्णालयाला नक्की कळवा.