ग्रेडी : टाळं लावल्यानंतरची वर्षं

अटलांटाचं ग्रेडी मेमोरियल हॉस्पिटल १८९२ साली सुरू झालं. शहरातल्या गोरगरिबांचा दवाखाना, हीच त्याची पहिल्यापासूनची ओळख. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे विभाग वेगळे होते, म्हणून जुनी माणसं त्याला ‘द ग्रेडीज’ असं अनेकवचनात म्हणत.

२००७ पर्यंत ग्रेडी दिवाळखोरीला टेकलं होतं. पुढच्या वर्षी कारभार ना-नफा कंपनीकडे गेला आणि वुडरफ फाउंडेशनने २० कोटी डॉलर देऊ केले. नव्या व्यवस्थापनाने खातेवही उघडली, तेव्हा डायलिसिसचा बाह्यरुग्ण विभाग दरवर्षी तोट्यात दिसला. कारणही उघड होतं. १९७२ च्या कायद्यानुसार अमेरिकेत मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा खर्च बहुतांशी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना उचलते; पण कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा नाही, आणि इथले बरेच रुग्ण तेच होते. ऑक्टोबर २००९ मध्ये विभाग बंद झाला.

तो बंद करण्यात मला अनीती दिसत नाही. बुडालेलं हॉस्पिटल कुणाच्याच कामाचं नसतं. पण डायलिसिस म्हणजे दातांची ओपीडी नव्हे. आठवड्याला तीन पाळ्या लागतात, आणि त्या थांबल्या तर रुग्ण बहुधा एक-दोन आठवड्यांत जातो. ग्रेडीने काही महिन्यांचा खाजगी केंद्राचा खर्च आणि मायदेशी किंवा दुसऱ्या राज्यात जायला मदत देऊ केली. मेक्सिकोला परतलेल्या काहींना तिथेही उपचार परवडेनात. इकडे कोर्टकज्जा झाला, मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

त्यातही १९८६ च्या कायद्याने अत्यवस्थ रुग्णाला तातडीच्या विभागातून परत पाठवता येत नाही. म्हणजे रक्तातलं पोटॅशियम चढलेला तोच माणूस ग्रेडीच्याच कॅज्युअल्टीत येणार, आणि खर्च वाढणार! शेवटी २०१० मध्ये खाजगी डायलिसिस कंपन्यांशी करार करून उरलेल्यांची सोय झाली. हा करार टाळं लावण्याआधी व्हायला हवा होता. रुग्णाची पुढची पाळी कुठे आणि कुणाच्या पैशाने, हे ठरल्याशिवाय बंदची तारीख जाहीर करू नये.

२०२२ मध्ये ग्रेडी दुसऱ्या बाजूला होतं. वेलस्टार या हॉस्पिटल समूहाने आपलं अटलांटा मेडिकल सेंटर बंद करत असल्याचं ३१ ऑगस्टला सांगितलं, १ नोव्हेंबरला ते बंदही केलं. प्रौढांच्या गंभीर अपघातांसाठी सर्वोच्च दर्जाचं केंद्र म्हणून शहरात एकटं ग्रेडी उरलं. राज्याने ग्रेडीला १३ कोटी डॉलर जाहीर केले. रुग्ण लगेच आले, वाढीव खाटा नंतर.