पाच विजय, एकोणीस पराभव आणि 'मेरिट'

आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा हमखास खेळाचे उदाहरण देतो. क्रिकेट संघात आरक्षण ठेवाल का? मैदानात फक्त मेरिट चालते, आकडे खोटे बोलत नाहीत, वगैरे वगैरे. ठीक आहे, खेळाचेच बोलू. फक्त धावणाऱ्या खेळाडूचे नको. त्याला हुकूम देणारा माणूस कसा निवडतात ते पाहू. आणि तेही अमेरिकेत, जिथे म्हणे सगळे गुणवत्तेवर चालते.

तिथले कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, रग्बीच्या कुळातला हा खेळ. अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये ऐंशी-ऐंशी हजार लोक बसतात. मुख्य प्रशिक्षकाला राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त पगार असतो. परवापरवापर्यंत खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे पगार नव्हता. या खेळाडूंत कृष्णवर्णीय मुलांचा भरणा मोठा. प्रशिक्षक निवडतात ते क्रीडा संचालक, विश्वस्त आणि पडद्यामागचे श्रीमंत देणगीदार. जाहिरात, अर्ज, गुणपत्रक असला प्रकार फारसा नाही. फोनाफोनी होते, बंद खोलीत बैठक होते आणि मग पत्रकार परिषदेत नाव जाहीर होते.

अलाबामा विद्यापीठाचेच घ्या. १९६३ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर वॉलेस स्वतः ज्याच्या दारात उभा राहिला, ते हे विद्यापीठ. त्याच टस्कलूसा गावात वाढलेला सिल्वेस्टर क्रूम सत्तरच्या दशकात या संघाच्या पहिल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक झाला आणि १९७४ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. पुढे दहाएक वर्षे त्याने तिथेच सहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले आणि नंतर व्यावसायिक लीगमध्ये सतरा वर्षे काढली. मे २००३ मध्ये अलाबामाला घाईने मुख्य प्रशिक्षक हवा होता. क्रूम शर्यतीत होता. पद मिळाले ३७ वर्षांच्या माइक शुलाला. शुलाही अलाबामाचाच माजी खेळाडू, तोही कधी मुख्य प्रशिक्षक नव्हता, आणि अनुभवाने क्रूमच्या बराच मागे. एक गोष्ट मात्र त्याच्याकडे होती. त्याचे वडील डॉन शुला हे अमेरिकेतले सर्वात नावाजलेले प्रशिक्षक. वडिलांच्या नावाला आपल्याकडे 'संस्कार' म्हणतात, तिकडे काय म्हणतात कोण जाणे!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिसिसिपी स्टेटने क्रूमला घेतले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य गटातला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. स्थापनेपासून सत्तर वर्षे उलटली होती. पण त्याच्या हाती काय आले? आधीच्या तीन हंगामांत मिळून फक्त आठ सामने जिंकलेला आणि नियमभंगाच्या चौकशीत अडकलेला संघ. घर पडायला आले की किल्ल्या आमच्याकडे! तरी २००७ मध्ये त्याने आठ सामने जिंकून दाखवले आणि गटातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. पुढच्याच वर्षी संघ घसरला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये क्रूमला पद सोडावे लागले.

आता अलाबामा राज्यातल्या, त्याच गटातल्या ऑबर्न विद्यापीठाकडे येऊ. डिसेंबर २००८ मध्ये तिथली जागा रिकामी झाली. चर्चेतले एक नाव टर्नर गिल, बफेलो विद्यापीठाचा कृष्णवर्णीय प्रशिक्षक. तो बफेलोला आला त्याआधीच्या हंगामात तो संघ अकरापैकी एकच सामना जिंकला होता. तिसऱ्या वर्षी गिलने त्यांना आपल्या गटाचे विजेतेपद मिळवून दिले, तेही तोवर अपराजित असलेल्या बॉल स्टेटला हरवून. बफेलोचा संघ पहिल्यांदाच हंगामाअखेरच्या मानाच्या 'बोल' सामन्याला गेला. पहिले निमंत्रण त्यांना १९५८ मध्येच आले होते. पण फ्लोरिडातल्या यजमानांची अट होती की संघातल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळवायचे नाही. सगळ्या संघाने मिळून निमंत्रण नाकारले. त्या मैदानाबाहेरच्या निकालाबद्दल आम्हाला कोणत्याही करंडकापेक्षा जास्त आदर आहे.

ऑबर्नने गिलला घेतले नाही. घेतले जीन चिझिकला. चिझिक पूर्वी ऑबर्नमध्ये चांगला सहाय्यक होता, हे खरे. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून आयोवा स्टेटमध्ये त्याची दोन वर्षांची कमाई होती पाच विजय, एकोणीस पराभव. ऑबर्नचाच माजी विद्यार्थी, बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली याने जाहीरपणे सांगितले की इथे रंग आडवा आला. विद्यापीठाचे उत्तर होते की सर्वात योग्य माणूस निवडला.

वर्षभराने गिल कॅन्ससला गेला. तिथे दोन हंगामांत त्याची कमाई झाली पाच विजय, एकोणीस पराभव. आकडा तोच, सामने तेवढेच. गिलला काढून टाकले.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळणार नाही. चिझिकच्या ऑबर्नने २०१० मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मग निवड बरोबरच नव्हती का? असेलही. चिझिक नालायक होता असे आमचे म्हणणेच नाही. पाच-एकोणीस हाती असतानाही 'याच्यात काहीतरी आहे' असा विश्वास त्याच्यावर कुणीतरी टाकला, आणि त्या विश्वासातूनच विजेतेपद आले. (मैदानावर ते खेचून आणले कॅम न्यूटन या कृष्णवर्णीय मुलाने, हेही लिहून ठेवू.) एकाच्या आकड्यात भविष्य दिसते, दुसऱ्याच्या त्याच आकड्यात लायकी दिसते. एम.ए.ला आम्ही सांस्कृतिक भांडवल वगैरे शिकलो, पण ते इतके उघडे पुस्तकात सापडले नव्हते.

आपल्याकडे पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. गोलंदाजी करायला चांभाराचा हात चालला, हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच दिले गेले नाही. ते मिळाले भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि तेही बराच झगडा झाल्यावर.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने २००३ पासून 'रूनी नियम' लावला. तेव्हाची अट अशी होती की मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. नोकरी द्या असे नाही, फक्त भेटा! डेट्रॉइटने पहिल्याच वर्षी तेवढेही केले नाही आणि संघाच्या अध्यक्षाला दोन लाख डॉलर दंड झाला. विद्यापीठांवर असे बंधन नव्हते. ओरेगन राज्याने २००९ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांसाठी तसा कायदा केला.

आणि ऑबर्न? २०२२ च्या हंगामात मधेच प्रशिक्षकाला काढल्यावर कार्नेल विल्यम्सला हंगामी जबाबदारी दिली. त्या संघाची सूत्रे हाती घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय. चार सामन्यांत त्याने दोन जिंकले, दोन हरले. कायमचे पद गेले ह्यू फ्रीझकडे, ज्याला २०१७ मध्ये एका घोटाळ्यामुळे मिसिसिपी विद्यापीठातून राजीनामा द्यावा लागला होता. विल्यम्सला फ्रीझच्या हाताखाली सहयोगी मुख्य प्रशिक्षक केले.